ट्रॅक्टर आणि ऊस ट्रॉलीला पॉवर एलईडी लावायचेत, १२ व्होल्टवर थेट चालतील का?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. मी कराड भागातला, घरचा ट्रॅक्टर आहे, मागं दोन ट्रॉल्या, आणि गाळप सुरू झालं की फडातून कारखान्यावर रात्री-अपरात्री खेपा असतात. अडचण लाईटची आहे. मडगार्डवर दोन एलईडी वर्क लॅम्प लावले होते, खोक्यावर ७२ वॅट लिहिलेलं, हंगाम संपायच्या आत दोन्ही गेले. आधी लुकलुकायला लागले, मग अर्ध्या चिपा बंद, मग एक तर पूर्णच बंद. मागच्या ट्रॉलीला बल्बचे टेल लॅम्प आहेत ते तर असून नसल्यासारखे, मिणमिणते, आणि खड्डा आला की विझतात परत लागतात. मागून मोटरसायकलवाला आला तर त्याला उसाचा ढीग दिसणार कधी? या रस्त्यावर असे अपघात झालेत, आपल्या ट्रॉलीमुळं कुणाच्या घरात ते होऊ नये एवढंच डोक्यात आहे.

आता पुण्याहून पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून सुट्ट्या चिपा आणल्यात, ३ वॅटच्या पांढऱ्या आणि १ वॅटच्या लाल, ॲल्युमिनियमच्या चांदणीवर बसवलेल्या. दुकानदार म्हणाला तीन पांढऱ्या सीरिजमध्ये लावा आणि एक रेझिस्टन्स टाका, बॅटरीवर चालतील. असं खरंच चालतं का? का परत जळणार? सोल्डरिंग येतं मला, मल्टिमीटर पण आहे.

वायरमनकाका :
चालतील की. पण आधी सांगा रिले (बारक्या करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच) लावलाय का फ्यूज लावलाय का. बहुतेक जण हेडलाईटच्या वायरीला कट मारून जोडतात आणि मग म्हणतात एलईडी टिकत नाहीत.

निशाचर :
दादा १२ व्होल्टची पट्टी मिळते ती लावा की सरळ, स्वस्त पडते, आम्ही पिकअपला लावलीय, मस्त उजेड.

रानपाखरू :
कृष्णाकाठ, प्रश्न नीट मांडलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं आहे आणि माहेर ऊसपट्ट्यातलं, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

पहिली गोष्ट, गाडीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात पण गाडीत १२ व्होल्ट जवळजवळ कधीच नसतो. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ दाखवते. सेल्फ मारला की ९-१० पर्यंत खाली बसते, थंडीत आणि जुन्या बॅटरीला त्याच्याही खाली. इंजिन चालू झालं आणि अल्टरनेटर चार्ज करायला लागला की १३.८ ते १४.५. म्हणजे ज्या वेळी तुमचा लाईट सगळ्यात जास्त वेळ चालू असतो तेव्हा व्होल्टेज १४ च्या वर असतो.

दुसरी गोष्ट, एलईडी हा बल्ब नाही. बल्बची तार गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून व्होल्टेज थोडा वाढला तर बल्ब स्वतःच करंट आवरून धरतो. एलईडीत तसं काही नाही. पांढरी चिप साधारण ३.२ व्होल्टला तिचा ठरलेला करंट घेते, त्याच्या वर जरा सरकलात की करंट झपाट्याने वाढतो. आणि चिप तापली की तिला लागणारा व्होल्टेज उलट कमी होतो, म्हणजे करंट आणखी वाढतो. म्हणून एलईडीला व्होल्टेज किती द्यायचा हा प्रश्नच चुकीचा आहे, करंट किती द्यायचा ते ठरवायचं आणि तो करंट गाडीत काहीही झालं तरी तेवढाच राहील अशी सोय करायची.

आता दुकानदाराचा हिशोब बघा. तीन पांढऱ्या सीरिजमध्ये, ३.२ गुणिले ३ म्हणजे ९.६. बॅटरी १२ धरली तर उरले २.४ व्होल्ट. ३५० मिलीअँपिअर हवे असतील तर २.४ भागिले ०.३५, जवळपास ६.८ ओहम. टेबलावर बॅटरीला लावून बघितलं तर झकास चालेल. ट्रॅक्टर चालू केला, १४.४ व्होल्ट आले, आता रेझिस्टन्सवर २.४ च्या जागी ४.८ व्होल्ट पडतात. व्होल्टेज वाढला २० टक्के आणि करंट हिशोबाने दुप्पट. प्रत्यक्षात चिपचा व्होल्टेजही थोडा वर सरकतो म्हणून दुप्पट नाही पण सहाशे मिलीच्या पुढं नक्की जातो. १ वॅटच्या चिपला हे झेपत नाही. तुमच्या चिपा ३ वॅटच्या आहेत, त्या साधारण ७०० मिलीच्या असतात, पण तुम्ही ७०० साठी हिशोब केलात की चालू इंजिनावर तेच गणित बाराशेच्या वर नेईल.

निशाचर, पट्टीतही हेच आहे. दर तीन एलईडींमागे एक बारका रेझिस्टन्स असतो, बऱ्याच पट्ट्यांत १५० ओहमचा. १२ ला १६ मिली, १४.४ ला ३२ मिली. घरात ॲडॅप्टरवर ती पट्टी वर्षानुवर्षं चालते आणि गाडीत काळी पडते ती यामुळेच.

निशाचर :
म्हणूनच आमच्या पट्टीचे मधले मधले तुकडे गेलेत होय. मग ताई ७८१२ रेग्युलेटर टाकला तर? १२ म्हणजे १२ च देईल ना.

रानपाखरू :
पट्टीसाठी काही प्रमाणात चालतो, बारक्या पट्टीला, हीट सिंक लावून. पण ७८१२ ला १२ बाहेर द्यायला आत साधारण १४ तरी लागतात. इंजिन बंद असताना तो रेग्युलेट करत नाही, जे येतं त्यातून दीड-दोन व्होल्ट खाऊन पुढं देतो. आणि उरलेली सगळी पॉवर उष्णता करून टाकतो. तीन-तीन वॅटच्या चिपांना तो नको.

एलएम ३१७ हा रेग्युलेटर करंट सोर्स (ठराविक करंट देणारा) म्हणून जोडतात तेही असंच. १.२५ भागिले रेझिस्टन्स एवढा करंट, ३.६ ओहम टाकले की ३५० मिली, सोपं आणि दणकट सर्किट आहे. पण त्याला स्वतःला एकूण तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात. तीन पांढऱ्यांचे ९.६ आणि हे मिळून १२.८. म्हणजे इंजिन चालू असेल तर ठीक, बंद झालं की मंद. दोन चिपांना लावलात तर बंद इंजिनावरही चालतो, फक्त निम्मी वीज त्याच्या अंगातच जळते.

वायरमनकाका :
ताईंचं म्हणणं बरोबर पण फडात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याला सर्किट सांगून काय उपयोग. तयार लॅम्प घ्यायचा तर कसा ओळखायचा ते सांगा.

रानपाखरू :
काका, बरोबर विचारलंत, आणि त्याला एक सोपी परीक्षा आहे. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावायचा, लाल वायर १० ए लिहिलेल्या भोकात, आणि लॅम्पच्या प्लसमध्ये सीरिजला घ्यायचा. इंजिन बंद ठेवून करंट बघा. मग इंजिन चालू करून बघा. पण सेल्फ मारताना मीटर काढून ठेवा आणि लॅम्प बंद ठेवा.

इंजिन चालू केल्यावर करंट कमी झाला तर आत खरा स्विचिंग ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला पक्का करंट देणारं सर्किट, आहे. तो ठराविक पॉवर घेतो, म्हणून व्होल्टेज वाढला की करंट घटतो. २७ वॅट खेचणारा लॅम्प १२.४ ला २.२ अँपिअर घेईल आणि १४.२ ला १.९. करंट वाढला, आणि चांगलाच वाढला, तर आत नुसते रेझिस्टन्स आहेत, असा लॅम्प परत देऊन टाका. आणि त्याच वेळी व्होल्टेज गुणिले करंट करून खरे वॅट किती तेही कळतं.

कृष्णाकाठ :
गेलेल्यापैकी एक लॅम्प अर्धा चालतोय अजून, त्याच्यावर करून बघितलं. बंद इंजिनला १.४ अँपिअर, चालूला १.२५. म्हणजे ड्रायव्हर आहे आत. अर्ध्याच चिपा जळतायत म्हणा, पण पूर्ण असता तरी ७२ वॅट कुठनं येणार, ३०-३५ चा माल आहे. मग ड्रायव्हर असून गेला कसा?

सोल्डरगन :
उघडून बघा. काच काढायला हीटगन लागेल, नाहीतर स्क्रू असतील मागं. ड्रायव्हरचं पीसीबी (सर्किटची पाटी) आणि चिपांच्या पट्टीखाली पेस्ट आहे का बघा. मी दुरुस्तीला आलेले असे बरेच उघडलेत. ॲल्युमिनियमची पट्टी नुसती दोन स्क्रूवर बसवलेली असते, खाली हीट सिंक पेस्टचा एक ठिपका, बाकी सगळी हवा. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णताच होते, ती मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांपर्यंत पोचली नाही तर चिप आतल्या आत भाजते. पट्टी सपाट करून पातळ पेस्ट पसरून नीट आवळा, निम्मे लॅम्प त्यातच सुधारतात.

आणि एक, ट्रॅक्टर धुता कधी? लॅम्प गरम असताना पाण्याचा फवारा मारला की आतली हवा आक्रसते आणि लॅम्प पाणी ओढून घेतो, कितीही आयपी ६७ (पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं असू दे. काचेच्या आत दव दिसलं की समजायचं.

कृष्णाकाठ :
पूर्ण बंद पडलेला होता तो उघडला. पेस्ट आहे पण सुकून भुकटी झालीय. पाण्याचा डाग नाही. ड्रायव्हरच्या पीसीबीवर एक आठ पायांची आयसी आहे तिच्या पोटाला बारकं भोक पडलंय, शेजारचा तपकिरी कपॅसिटर पण काळा. जळका वास अजून येतोय.

रानपाखरू :
आयसीला भोक म्हणजे व्होल्टेजचा फटका. तापून मेलेली आयसी सहसा अशी फुटत नाही. आता खरं सांगा, चालू इंजिनावर कधी बॅटरीचं टर्मिनल काढलंय का? किंवा टर्मिनल ढिलं असतं का?

कृष्णाकाठ :
टर्मिनल ढिलं होतं मध्यंतरी, हातानं हलवलं की सेल्फ लागायचा. शिवाय शेजाऱ्याची बॅटरी उतरलेली तेव्हा आमचा ट्रॅक्टर चालू ठेवूनच आमची बॅटरी काढली आणि त्याला लावून त्याचा चालू केला. इकडं सगळेच करतात असं.

वायरमनकाका :
झालं. सापडलं.

रानपाखरू :
हो, संशय तिथंच जातो. अल्टरनेटर चार्जिंगचा मोठा करंट बॅटरीत ढकलत असतो आणि अचानक बॅटरी सुटते. अल्टरनेटरच्या फिल्डमधलं चुंबकत्व लगेच कमी होत नाही, रेग्युलेटरने हात आखडता घ्यायच्या आत व्होल्टेज उसळतो. याला लोड डंप म्हणतात. १२ व्होल्टच्या गाडीत आतून कसलाही बंदोबस्त नसेल तर हा झटका ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि सेकंदाच्या काही दशांशापर्यंत टिकतो. अल्टरनेटरच्या आत झटका दाबणारे ॲव्हलांच डायोड असतील तर ३५-४० च्या आसपास दाबला जातो. बॅटरी ही गाडीतली सगळ्यात मोठी झटके गिळणारी वस्तू आहे, ती सुटली की सगळं उघड्यावर पडतं.

स्वस्त लॅम्पमध्ये आणि बाजारात सुट्ट्या मिळणाऱ्या मॉड्यूलमध्ये पीटी ४११५ ही आयसी फार वापरतात. आयसी चांगली आहे, ३० व्होल्टपर्यंत चालते, ०.१ भागिले सेन्स रेझिस्टन्स (करंट मोजायला लावलेला) एवढा करंट पक्का देते, ०.१५ ओहम टाकले की ६६० मिलीच्या आसपास, तुमच्या ३ वॅटच्या चिपांना अगदी योग्य. पण ३० म्हणजे ३०. बरेच जण इनपुटला २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके दाबणारा) टाकतात आणि निर्धास्त होतात. तो डायोड २४ ला काही करत नाही, पूर्ण झटका आला की ३९ च्या आसपास धरतो. तोपर्यंत ३० वाली आयसी गेलेली असते. म्हणून ड्रायव्हर ६० व्होल्टपर्यंत सोसणारा घ्यावा आणि त्याच्या पुढं एसएम८एस२४ए सारखा मोठा टीव्हीएस, बारका नाही, कारण लोड डंपची ऊर्जा बारक्याला फोडून टाकते. ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंपर मारून ट्रॅक्टर चालू करण्याची पद्धत आहे तीही यात निभावते, पण ती पद्धतच सोडा, ट्रॅक्टरच्या बाकीच्या वायरिंगला ती मानवत नाही.

सोल्डरगन :
हे ३९ व्होल्टचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. धन्यवाद ताई.

वायरमनकाका :
आता माझं ऐका. टर्मिनल काढा, सँडपेपर मारून चकचकीत करा, पांढरी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा, व्हेंटमध्ये जाऊ देऊ नका, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) क्रिंप म्हणजे दाबून बसवलेलं हवं, नुसतं वायर गुंडाळून नट मारलेलं नको. अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबून बघा. हे केल्याशिवाय नवीन लाईट लावायचाच नाही.

मग बॅटरीच्या प्लसवरून १.५ स्क्वेअर एमएमची वायर, निघाल्या निघाल्या वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, लॅम्पला नाही, म्हणून तो बॅटरीपाशीच पाहिजे. पुढं कुठं वायर बॉनेटला घासून सोलली तर लॅम्पजवळच्या फ्यूजचा काही उपयोग नाही, आणि ट्रॅक्टर उभा असतो वाळल्या पाचटात. दोन लॅम्पला मिळून चार-साडेचार अँपिअर म्हणजे ७.५ चा तपकिरी पुरतो, फार तर १० चा लाल. रिलेला ३० नंबरच्या पिनवर फ्यूजची वायर, ८७ वरून लॅम्प, ८५ अर्थ, ८६ ला स्विच. स्विचचा प्लस किल्लीवरून घ्या म्हणजे किल्ली काढली की लाईट बंद, नाहीतर रात्रभर राहतो आणि सकाळी ढकलस्टार्ट. ८५-८६ वर एक १एन४००७ डायोड उलटा टाका, रेघ असलेली बाजू प्लसकडं, रिले सुटताना कॉइल मारते तो झटका तिथंच जिरतो.

निशाचर :
काका साडेचार अँपिअरला रिले कशाला, स्विचच चालेल की.

वायरमनकाका :
चांगला स्विच चालेल. पण ट्रॅक्टरवरच्या स्विचात धूळ जाते, कॉन्टॅक्ट काळे पडतात आणि तापतात. आणि स्विचपर्यंत जाऊन परत यायची वायर लांब होते.

डोंगरवाट :
धाग्याला थोडं सोडून विचारतो. माझी जुनी १२५ ची बाईक आहे, पावसाळ्यात ताम्हिणीत धुक्यात काही दिसत नाही म्हणून फॉग टाकायचे आहेत, हेडलाईटच्या वायरीला एलईडी लावून बघितला तर फडफडतो आणि ॲक्सिलेटर दिला की भगभगतो. बॅटरी नवीन आहे.

सोल्डरगन :
तुमच्या बाईकचा हेडलाईट बॅटरीवर नाहीये, स्टेटरच्या (इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या कॉइलच्या) एसीवर थेट आहे. बऱ्याच जुन्या कम्युटर बाईक तशाच आहेत, म्हणून गाडी हळू केली की हेडलाईट मंद होतो. त्या वायरीला एलईडी लावायचाच नाही. बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घेऊन वेगळी लाईन काढा. पण आधी चार्जिंग मोजा, सगळं चालू ठेवून आणि दोन-अडीच हजार आरपीएमला बॅटरीवर १३.५ च्या वर राहिलं तरच पुढं जा. या बाईकच्या बॅटरी-चार्जिंगवाल्या कॉइलमध्ये फार जीव नसतो, १०-१५ वॅटचे दोन लॅम्प म्हणजे डोक्यावरून पाणी. धुक्यासाठी लॅम्प खाली लावा, हँडलवर नाही, वर लावला की समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

डोंगरवाट :
मोजतो आणि सांगतो, आभारी आहे.

कृष्णाकाठ :
काकांनी सांगितलं तसं सगळं केलं, टर्मिनल, लग, फ्यूज, रिले. पुढचं मिटलं असं समजतो, नवीन ड्रायव्हर मागवलेत ६० व्होल्टवाले. आता मागचं बघा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १४.२ आणि शेवटच्या ट्रॉलीच्या टेल लॅम्पच्या होल्डरवर ब्रेक दाबून बघितलं तर १०.८. ट्रॉली हलवली की आकडा नाचतो, आणि मधेच इंडिकेटर दिला की टेल लॅम्पपण त्याच्याबरोबर लुकलुकतो.

वायरमनकाका :
अर्थ. ट्रॉलीला अर्थची वायर आहे का वेगळी?

कृष्णाकाठ :
नाही, अर्थ ट्रॉलीच्या चासीवर आहे.

वायरमनकाका :
आणि ट्रॉलीची चासी ट्रॅक्टरला कशानं जोडलीय? हिचच्या पिननं. त्या पिनेला ग्रीस, गंज, माती, आणि ती भोकात सैल हलत असते. लोड असताना ताण बसतो तेव्हा टेकते, उतारावर ट्रॉली पुढं ढकलते तेव्हा सुटते. तुमच्या मागच्या ट्रॉलीला अशा दोन पिना ओलांडून अर्थ येतोय. पाच अँपिअर त्या गंजातून जाणार कसे. आणि अर्थ सुटला की इंडिकेटरचा करंट टेल लॅम्पच्या तारेतून परतीची वाट शोधतो, म्हणून एकमेकांबरोबर लुकलुकतात.

रानपाखरू :
काकांनी नेमकं पकडलं. मी फक्त आकडे जोडते. ट्रॉलीची वायर बहुतेक अर्ध्या स्क्वेअर एमएमची असणार. तांब्याची अर्ध्या स्क्वेअरची वायर मीटरला ३४ मिलीओहमच्या आसपास. ट्रॅक्टर धरून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत १५ मीटर, म्हणजे एका बाजूनेच अर्धा ओहम. दोन ब्रेकचे २१ वॅटचे बल्ब आणि चार टेलचे ५ वॅटचे मिळून ६२ वॅट, पाच अँपिअर. पाच गुणिले अर्धा, अडीच व्होल्ट नुसत्या वायरीत गेले, अर्थचं नुकसान वेगळंच. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने पडतो, १०-११ व्होल्टला तो निम्म्यावर येतो.

एलईडी केले की सगळे मिळून जेमतेम एक-सव्वा अँपिअर. त्याच वायरीत नुकसान अर्ध्या व्होल्टवर येतं. तरी वायर बदलाच, सात कोअरची घ्या, अर्थचा कोअर जाड ठेवा, आणि सात पिनी सॉकेट लावा. आयएसओ १७२४ मांडणीत तीन नंबरची पिन अर्थची असते, तीच ठेवा म्हणजे दुसऱ्याचा ट्रॅक्टर जोडला तरी जुळेल.

कृष्णाकाठ :
ताई, मागच्यालाही ड्रायव्हर लावू का मग? सहा लॅम्पला सहा ड्रायव्हर म्हणजे खर्च वाढतो, आणि ट्रॉल्या उन्हापावसात पडून असतात वर्षभर.

रानपाखरू :
नको. मागं रेझिस्टन्सच लावा.

वर मी रेझिस्टन्सला नावं ठेवली ती तीन पांढऱ्या चिपांसाठी, कारण तिथं रेझिस्टन्सच्या वाट्याला फार कमी व्होल्टेज उरतो आणि थोड्या बदलाने करंट उधळतो. लाल चिप २.२ व्होल्टची. तीन सीरिजमध्ये ६.६. चालू इंजिनावर जवळपास निम्मा व्होल्टेज रेझिस्टन्सवर पडतो, म्हणून करंट फार हलत नाही. आणि हिशोब १२ ला नाही, १४.४ ला करायचा.

एका लॅम्पमध्ये तीन लाल सीरिजमध्ये. ब्रेकच्या वायरीतून एक १एन४००७ आणि २७ ओहम ५ वॅटचा वायरवाउंड, टेलच्या वायरीतून दुसरा १एन४००७ आणि १५० ओहम १ वॅटचा, दोन्ही पुढं त्याच तीन चिपांना. टेलला ४७ मिलीच्या आसपास करंट, शांत लाल उजेड. ब्रेक दाबला की २६० मिली, एकदम ठसठशीत. डायोडमुळे ब्रेकची वीज टेलच्या लाईनमध्ये उलटी घुसत नाही, आणि कुणी बॅटरी उलटी जोडली तरी चिपा वाचतात. १२.४ व्होल्टला ब्रेकचा करंट १८५ वर येतो, डोळ्याला फरक जाणवणार नाही. आणि लोड डंपमध्ये ३५-४० व्होल्टचा झटका आला तरी २७ ओहममुळे करंट सव्वा अँपिअरच्या आत राहतो, तोही क्षणभर, बहुतेक वेळा चिपा निभावतात. ट्रॉलीसारख्या ठिकाणी जितकं कमी सर्किट तितकं जास्त टिकतं. २७ ओहमवाला ब्रेक दाबून धरला की तापतो, त्याला चिपांपासून लांब आणि पत्र्याला टेकवून बसवा.

निशाचर :
एक विचारू का, मागं पांढरा वर्क लॅम्प पण लावतात बरेच जण, लांबून दिसतो.

रानपाखरू :
रस्त्यावर नको, अगदी मनापासून सांगते. मागून येणाऱ्याला पांढरा उजेड दिसला की तो समजतो समोरून वाहन येतंय, आणि डोळे दिपले की उसाचा ढीग दिसतच नाही. फडात ट्रॉली भरताना लावा, वेगळा स्विच ठेवा, रस्त्याला लागायच्या आधी बंद. पुढच्या वर्क लॅम्पचंही तेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ नंबरचा नियम आहे, की लाईटचा झोत खाली वळवलेला हवा, लॅम्पपासून ८ मीटर पुढं, अर्धा मीटर उजवीकडं आणि दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये, नाहीतर चालकाला तो हवा तेव्हा खाली करता आला पाहिजे. हे घरच्या अंगणात मोजता येतं. मडगार्डवरचे लॅम्प खाली वाकवा आणि समोरून कुणी आलं की बंद करा.

सोल्डरगन :
आणि टेल लॅम्प ट्रॉलीच्या पत्र्यावर जिथं कंपनीने दिलेत तिथं ठेवू नका. ऊस भरला की वाढे (उसाचे शेंडे) आणि कांड्या मागं दोन-दोन फूट लोंबतात, लॅम्प त्याखाली झाकला जातो, कितीही वॅटचा लावा. लोखंडी पट्टीवर बाहेर काढून खाली बंपरच्या उंचीला दोन्ही टोकांना लावा, पट्टी बिजागरीवर ठेवा म्हणजे ट्रॉली रिकामी करताना मोडत नाही. सोबत लाल रिफ्लेक्टर टेप एआयएस ०९० (अशा टेपचं भारतीय मानक) वाली. ट्रॅक्टर बंद पडून ट्रॉली रस्त्यात उभी राहिली, बॅटरी मेली, तरी टेप दिसते.

कृष्णाकाठ :
बिजागरीची कल्पना लै भारी. आमच्या इथं वेल्डर आहे, त्याच्याकडून करून घेतो.

पहिला लॅम्प तयार केला आज. १५० आणि २७ ओहम घालून, ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपाच्या तुकड्यावर तीन चिपा पेस्ट लावून बसवल्या, वरून जुन्या टेल लॅम्पची लाल काच. चालू इंजिनला टेल ४६ मिली आणि ब्रेक २५५. ताईंच्या आकड्याला धरून आहे. रस्त्यावर टोकाला उभं राहून बघितलं, भावानं ब्रेक दाबला की लांबूनही चटकन कळतंय. काच लावायच्या आधी सोल्डरिंगवर काय लावू?

सोल्डरगन :
न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्याने तांबं हिरवं पडतं. खाली एक बारकं भोक ठेवा पाणी निथळायला, सगळीकडनं बंद केलं की आत दव साचतं.

पाटाचंपाणी :
वाचत होतो सगळा धागा, फार उपयोगी. एक अडचण आमच्याकडची, एलईडी वर्क लॅम्प लावला की टेपवर एफएम नुसता खरखरतो, लॅम्प बंद केला की स्वच्छ.

रानपाखरू :
ड्रायव्हर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, त्याचा आवाज वायरीतून पसरतो आणि लॅम्पची लांब वायर अँटेनाचं काम करते. लॅम्पच्या प्लस-मायनस दोन्ही वायरी एकत्र पिळून घ्या, लॅम्पपाशी दोन्ही मिळून फेराइटच्या कड्यातून तीन-चार वेढे द्या, आणि टेपची वीज थेट बॅटरीवरून वेगळी घ्या. लॅम्पचा अर्थ चासीवर टाकला असेल तर तोही वायरीने बॅटरीपर्यंत आणा.

कृष्णाकाठ :
शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. इंडिकेटरलाही एलईडी केले, डावीकडचा भलताच सावकाश लुकलुकतो आणि उजवा नुसता पेटून राहतो.

वायरमनकाका :
जुना फ्लॅशर बल्बच्या करंटवर चालतो, आतली पट्टी तापली की तुटते, गार झाली की जोडते. तुमच्या एलईडीचा करंट एवढा कमी की ती तापतच नाही, म्हणून उजवा पेटून राहिला. डावीकडं अजून एखादा बल्ब राहिला असेल बघा, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचा. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो, तीन पिनी घ्या, त्याला अर्थ द्यावा लागतो, बाकी जुन्याच जागी बसतो.

कृष्णाकाठ :
बरोबर काका, मडगार्डवरचा डावा बल्बच आहे अजून. उद्या कराडात फ्लॅशर बघतो.